सुखरूप चष्मे

गोड वासाच्या वस्तूविषयी माणसाचे मत चटकन चांगले होते, आणि मत चांगले झाले की लेबल कोणी वाचत नाही. अॅसिटोफिनोन हा पदार्थ मानवजातीच्या याच थोरपणावर जगतो. तो रंगहीन, तेलकट, संत्र्याच्या फुलांच्या वासाचा असून गारठ्यात गोठतो. साबणात आणि अत्तरात घालतात. एके काळी डॉक्टर तो झोप येण्यासाठी देत (हल्ली त्या कामाला सुरक्षेवरची व्याख्याने पुरतात). डोळ्यात गेला तर मात्र तो वासाला जागत नाही, डोळा दुखावतो.

म्हणून साबण कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी बारा संरक्षक चष्मे मागवले आणि आल्या दिवशीच काचेच्या कपाटात कुलूपबंद केले. यामागे विचार होता. चष्मा वापरला की ओरखडा पडतो. ओरखडा पडला की चष्मा तपासणीत नापास होतो. नापास चष्मा म्हणजे असुरक्षितता. तेव्हा वापर हाच चष्म्याचा खरा शत्रू. साहेबांच्या कारकिर्दीत शंभर टक्के चष्मे सुखरूप राहिले होते (डोळ्यांची टक्केवारी काढायची पद्धत नाही). डोळे धुण्याचा खास नळही बसवला होता. त्याला लाल फीत बांधलेली होती, कारण सुरक्षेचे पारितोषिक द्यायला येणाऱ्या पाहुण्यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन व्हायचे होते.

पाहुणे यायच्या दिवशीच कडाक्याची थंडी पडली आणि पिंपातला माल गोठला. तो वितळवून ओतायचे काम साहेबांच्या मेहुण्याकडे होते. बायकोच्या सांगण्यावरून साहेबांनीच त्याला तिथे चिकटवले होते.

"दाजी, आज एक गॉगल द्या की. फार उडतंय."

"आजच? पाहुणे मोजणार आहेत. अकरा भरले तर माझं नाक कापलं जाईल. तू तोंड फिरवून ओत."

मेहुण्याने वडीलधाऱ्याचा शब्द मोडला नाही. तोंड फिरवल्यावर पिंप दिसेना. दिसेना म्हणून तो बघायला वळला, आणि शिंतोडा थेट उजव्या डोळ्यात गेला.

तो डोळा दाबून नळाकडे धावत आला. "थांब, थांब, कात्री आणतो," म्हणत ते फाटकाकडे निघाले, कारण उद्घाटनाची कात्री स्वागत समितीच्या तबकात होती. मेहुण्याने डोक्यानेच फीत तोडली. मग साहेबांना खरोखरच लाज वाटली. डॉक्टर येईपर्यंत त्यांनी त्याची पापणी पाण्याखाली उघडी धरून ठेवली, सूट पार भिजला तरी हात काढला नाही.

"ताईला सांगू नका," मेहुणा कण्हत म्हणाला. ते ऐकून साहेबांना रडू फुटले.

डोळा वाचला. परीक्षक समितीने सांगोपांग विचार केला. बाराही चष्मे जागेवर होते, त्यामुळे पारितोषिक मिळाले. नळाचे उद्घाटन "प्रात्यक्षिकासह" पार पडल्याची नोंद झाली.

ताईला अर्थातच साहेब घरी पोचायच्या आधी कळले होते. तिने चहा विचारला नाही. "माझा भाऊ परत त्या पिंपाजवळ दिसला, तर गाठ माझ्याशी आहे," एवढेच म्हणाली.

साहेबांनी दुसऱ्याच दिवशी कपाटाची किल्ली मेहुण्याच्या हातात ठेवली. ज्याचे जळते त्यालाच कळते, हा त्यांचा हिशेब होता, आणि तो मनापासूनचा होता. मेहुणा कपाटासमोर स्टूल टाकून बसला. एका डोळ्यावर पट्टी असल्यामुळे त्याचे लक्ष जराही विचलित होत नसे.

आठवड्याभरात पिंपावरचा नवा माणूस आला. "एक गॉगल मिळेल का?"

मेहुण्याने उघड्या डोळ्याने चष्मे मोजले, किल्ली खिशात घातली आणि आपुलकीने म्हणाला, "नवे आहेत रे अजून. तू जपून ओत. हळूहळू हाताला सवय होते."

हे वाचून हसायला हरकत नाही. तुम्ही हेल्मेट कोपराला अडकवून गाडी चालवता, आणि तुमचे कोपर आजवर सुखरूप आहे.