गलबतावरल्या घोड्याची हकीकत

श्रीगजाननास आणि जेथे परमुलखी ज्वारीचे पीठ मिळते त्या दुकानास नमन करोन लिहितो. शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरे ज्येष्ठमासी, सातासमुद्रापलीकडील एका थंड राज्यात वर्तमान जाहले, ते ऐसे.

त्या राज्यी देशोदेशीचे लोक येऊन राहिले आणि दर उन्हाळी एकेक जमात आपल्या पूर्वीच्या वीराचा चित्ररथ काढी. तेथील मराठी मंडळाचे कारभारी मनोहरपंत चिंचणकर, यांची कन्या शरयू शाळेतून हिरमुसली येऊन म्हणाली की सर्वांस वीर आहेत, आपण मात्र कालचे आलेले. पंतांनी हे मनावर घेतले. मग त्यांनी जुन्या गोष्टी धुंडाळोन शोध लाविला की पूर्वी दुलबाजी नामे तांडेल, म्हणजे गलबताचा म्होरक्या, वादळात सापडोन याच राज्याचे बंदरी उतरला होता. मंडळ हर्षले आणि सभा बैसली आणि चाकांवरी लाकडी गलबत न्यावे ऐसे ठरले. सर्व सुरळीत चालिले होते, तो बापूसाहेब रणपिसे बोलिले की घोड्यावाचून मराठी वीर शोभतो कैसा. सर्वांनी माना डोलाविल्या. समुद्रात घोडा कशास, हे पुसावयाचे एकासही सुचले नाही, धन्य ते मंडळ! आणि गलबतात लाकडी घोडा उभा केला, आणि फेटा बांधोन पंतच दुलबाजी होऊन त्यावरी स्वार जाहले, आणि शरयूस ध्वज देऊन पुढे घातले.

स्वारी चौकात येताच दुतर्फा लोक पोट धरोन हसो लागले. पंतांचा चेहरा उतरला. लेकीस मान मिळवून द्यावयास निघालो आणि चारचौघांत तिचीच शोभा केली, ऐसे त्यांस जाहले. तितक्यात शरयू माघारी वळोन गलबतावर चढली आणि म्हणाली, "बाबा, खाली उतरा."

पंत फेटा सावरीत उतरले. मान वर करवेना. तो शरयूने शेजारल्या जमातीचे एक लेकरू, जे मघापासून घोड्याकडे हात करीत होते, उचलोन खोगिरावर बैसविले. मग काय विचारता, देशोदेशीची पोरे आपापले वीर सोडोन धावली आणि एकच झुंबड उडाली. तेव्हा शरयू कमरेवर हात ठेवोन त्या मुलखाच्या भाषेत खणखणीत बोलली, "रांगेनं या. घोडा आमचा आहे."

ऐसे घडले. दुलबाजीस कोणी पुसले नाही, घोड्याची कीर्ती मात्र दिगंती गेली, आणि कारभारी फेट्याच्या शेवाने डोळे पुसोन रांगेच्या शेवटास उभे राहिले.