सिद्रामप्पाचं तिसरं पत्र

निजामाच्या अमदानीत परंड्याच्या तहसील कचेरीबाहेर सिद्रामप्पा लोकांचे अर्ज लिहून द्यायचा. त्याचा अर्ज ऐकून तहसीलदारानं डोळे पुसले, असं लोक सांगत. (लोकांना हे सिद्रामप्पानंच सांगितलं होतं.) पण सगळी वाणी कचेरीत खर्च व्हायची, घरी उरायचं ते नुसतं "हं".

एकदा बायकोनं, तारामतीनं, नवं लुगडं नेसून विचारलं, "कसं दिसतंय?"

"हं."

दुसऱ्या दिवशी ती ईटला माहेरी निघून गेली.

आपल्याच हातच्या करपलेल्या भाकरी चार दिवस खाऊन सिद्रामप्पानं लेखणी उचलली. जिथं तहसीलदार विरघळतो, तिथं बायको काय चीज! पहिल्या पत्रात त्यानं तिची तारीफ केली. ती आली नाही. दुसऱ्यात आसवं गाळली: 'तुझ्याविना हा ताबेदार अन्नाला शिवला नाही.' तरी नाही. तिसऱ्यात तर त्यानं स्वतःला थेट मरणाच्या दारात नेऊन निजवलं. तेही वाया गेलं, तेव्हा मेलेलं तोंड घेऊन गाडीत बसला आणि ईट गाठलं.

सासऱ्याच्या ओट्यावर ही गर्दी! मधोमध पाशामियाँ शिंपी चष्मा सावरत तिसरं पत्र वाचत होता. बाया पदरानं डोळे पुसत होत्या.

"अहो, जरा ऐका—"

"गप बसा!" एक म्हातारी खेकसली. "हितं तारामतीचा नवरा मरायला टेकलाय!"

"तो मीच!"

म्हातारीनं त्याच्या सुटलेल्या पोटाकडं पाहिलं. "चेष्टा नगा करू. पाशामियाँ, वाचा फुडं."

गलका ऐकून तारामती बाहेर आली.

"मी मरायला टेकलो, तरी तू आली न्हाईस?"

"मरणारा मानूस इतकं वळणदार अक्षर काढतो व्हय? आन् म्या सोमवारीच निघाले हुते. गाडी जुपली, तवर तुमचं पहिलं पत्र आलं. समद्या गावाला त्याची गोडी लागली. दुसरं ऐकल्याबिगर जाऊ नको म्हणाले, मंग तिसरं."

म्हणजे पत्र लिहिलं नसतं तर सोमवारी रात्रीच ताटात मऊ भाकरी पडली असती!

"चल आता," तो कसाबसा म्हणाला.

तारामती बोचकं बांधायला आत गेली. सासूबाई धुरपदाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला, जावयाला पटक्यापासून जोड्यापर्यंत न्याहाळलं आणि सुस्कारा सोडला.

"पत्रातला जावई लई गुणाचा हुता बगा!"