आधी पान दाखवा

युसुफचाचा तेराव्याला आले, तेव्हाही त्यांच्या खिशात पांढरा कागद होता. गल्लीतले एक वकील गेले होते. त्यांच्या फोटोच्या हारातलं एक झेंडूचं फूल चाचांनी कागदावर हलकेच आपटलं, भिंग लावलं आणि वकिलांच्या मुलाला सांगितलं, "फुलकिडे हायेत. हार बदला."

हर्सूलच्या आमच्या कॉलनीत चाचा माझ्या शेजारी एकटेच राहतात. आधी सिल्लोडला त्यांचं फवारणीच्या औषधांचं दुकान होतं. तीस वर्षं कपाशीवाल्यांना बाटल्या विकल्या आणि उतारवयात काय अवदसा आठवली कोण जाणे! गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "आधी पान दाखवा." पान आणलं तर, "याला काय बी लागत नाय, घरी जा." असं दुकान किती दिवस चालणार? मुलानं ते ताब्यात घेतलं आणि बापाला आरामासाठी शहरात घर करून दिलं. तेव्हापासून त्रास आम्हाला आहे.

रोज सकाळी कुंपणावरून त्यांचा हात येतो आणि आमच्या झाडांची पानं उलटी करतो. "मावा पडलाय. साबणाचं पाणी मारा, पण खालून. किडा काय गच्चीवर राहतो व्हय?" जास्वंदावर पिठ्या ढेकूण निघाला, तर जुना टूथब्रश घेऊन फांद्या घासायला लावल्या. माझा एक अख्खा रविवार जास्वंदाचे दात घासण्यात गेला. चाचा दिसले की लोक गेट लावून घेतात. मीही घेतो, उगाच सभ्यपणाचा आव आणत नाही.

फेब्रुवारीत बायकोच्या गुलाबावर काळ्या, काटेरी, नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या दिसल्या. दिसायला भेसूर. चाचांना दाखवावं तर तासभर व्याख्यान. मी गुपचूप बाटली आणली, अंदाजानं दुप्पट माप धरलं आणि संध्याकाळी बनियनवरच, वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून फवारलं. अळ्या पटापट खाली पडल्या. मोठा पराक्रम केल्यासारखं वाटलं.

वासानंच चाचा धावत आले. पडलेली एक अळी त्यांनी कागदावर घेतली. "भाऊ, ही ढालकिड्याची पिल्लं. तो लाल, ठिपक्याठिपक्यांचा असतो ना, त्याची. मावा खात होती बिचारी. तुम्ही चोर ठेवला अन् रखवालदार मारला."

आता शिव्या पडणार म्हणून मी तयारीत होतो. पण त्यांनी मला हाताला धरून नळाखाली नेलं, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, बनियन काढायला लावलं. मग अंगणात माझ्यासमोर खुर्ची टाकून बसले. दर पाच मिनिटांनी एकच चौकशी. "गरगरतंय का? मळमळ? डोळ्यांपुढं धूसर?" मगरिबची, सांजेच्या नमाजाची अजान झाली, तरी उठेनात.

मी वैतागलो. "चाचा, मला काही झालेलं नाही. घरी जा."

"एकाला झालं होतं," ते म्हणाले. "पिशोर गावचा होता, तुमच्याच उमरचा. पान न बघता बाटली मीच दिली. त्याच्या कपाशीला फवारणीची गरजच नव्हती. त्यानं असंच वाऱ्याच्या तोंडाला मारलं अन् गेला. त्याचा बाप दुकानात आला, रिकामी बाटली माझ्यापुढं ठेवली. अन् माघारी फिरला."



त्यांनी फोन काढून कानाला लावला. वाजून वाजून बंद झाला. "पोरगा. रोज ह्याच वक्ताला करतो. गिऱ्हाइकाला सांग, तोंडाला फडकं बांध, वारा बघ. एवढंच सांगायचं असतं. उचलत नाय तो." फोन खिशात ठेवत ते म्हणाले, "मग तुम्हा लोकांना सांगत बसतो."

कधीही न पाहिलेल्या त्या मुलाचा मला संताप आला. त्याहून जास्त स्वतःचा आला. चाचा उठायला लागले.

"बसा अजून थोडं," मी म्हणालो. "न जाणो, मला काही झालं तर."

चाचांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली.