सहाशे मीटरची गल्ली

"एक मिनिट बारा सेकंद! वर एक सेकंद जरी गेला, तर मिशी उतरवीन!"

घड्याळजींनी गाडीची किल्ली बोटाभोवती गरगर फिरवत जाहीर केलं आणि किल्ली सुटून थेट बुटांच्या कपाटाखाली गेली. ती काढण्यात चार मिनिटं गेली. पण ती प्रवासात धरायची नाहीत, असं त्यांनी लगेच ठरवून टाकलं.

हिशोब तसा चोख होता. घर गल्लीच्या या टोकाला, शाळेचं फाटक त्या टोकाला, मधे नाकासमोर सरळ सहाशे मीटर. ताशी तीस किलोमीटरनं गेलं की बरोबर बहात्तर सेकंद! आठच दिवसांपूर्वी घेतलेली सेकंडहँड गाडी दारात उभी होती, आणि त्यांच्या नववीतल्या लेकीचा, बबडीचा, विज्ञानाचा वार्षिक पेपर दहाला होता. दहा वाजून दोन मिनिटांनी फाटक बंद. मग साक्षात मुख्याध्यापिका आल्या तरी उघडत नाही म्हणे! त्यात बबडीची सहामाही तापात बुडालेली. हा पेपर चुकला की वर्षच गेलं.

"अहो, चालत सात मिनिटं लागतात," बबडीची आई म्हणाली. "जाऊ दे की तिला चालत!"

"परीक्षेला चालत? मग गाडी काय शोभेला घेतलीय?"

बबडी वही उघडून मागच्या सीटवर बसली. नऊ पस्तीसला गाडी सुटली.

आता या गल्लीचं एक सांगायला हवं. एक गाडी जेमतेम मावेल एवढीच ती रुंद. दोन्ही बाजूंना वीत-दीड वीत जागा. पोट आत घेऊन माणूस सरकेल, पण गाडीचं दार उघडायचं नाव नको! आत शिरलं की एक तर पुढे, नाही तर मागे.

"बाबा, दोन खांबांत पन्नास मीटर ना?" बबडीनं विचारलं.

"पन्नास! मोज तू. अभ्यासही होईल!"

तिसऱ्या खांबापाशी समोरून पाण्याचा टँकर आला. घड्याळजींनी ऐटीत हॉर्न दिला. टँकरवाल्यानं खिडकीतून डोकं काढलं.

"कोण? घड्याळजी? अहो, माझ्या घड्याळाचं काय झालं? सहा महिने झाले!"

घड्याळजींचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या धंद्याची एक रीत होती. घड्याळ घ्यायचं, कौतुकानं कानाला लावायचं आणि म्हणायचं, 'परवा या!' अशी परवाची वाट बघणारी घड्याळं दुकानाच्या खणात खच्चून भरली होती. अशा माणसाला 'तू मागे जा' म्हणायचं कुठल्या तोंडानं?

"परवा नक्की!" घड्याळजी म्हणाले आणि मुकाट्यानं रिव्हर्स टाकला. गाडी दोनदा भिंतीला खेटली, एकदा कुणाची तरी कुंडी गेली.

"दीडशे पुढे, दीडशे मागे," बबडी लिहीत होती. "अंतर तीनशे मीटर. विस्थापन शून्य."

"शून्य कसं? एवढं पेट्रोल जाळलं ते?"

"बाबा, आपण दारातच आहोत. निघालो तिथेच आलो की विस्थापन शून्य! मी उतरते, चालत जाते."

"खुळी का काय? आता तर रस्ता मोकळा झाला! बस!"

या खेपेला गाडी सुसाट सुटली. चार खांब, सहा खांब, आठ खांब! बबडीसुद्धा ओरडायला लागली, "चारशे! बाबा, चारशे झाले!" शाळेचं फाटक दिसायला लागलं. घड्याळजी मिशीवरून हात फिरवणार, तेवढ्यात समोर पांढरी गाडी. आत डॉक्टरीणबाई.

घड्याळजींनी मान खाली घातली. पण मान खाली घातली म्हणून माणूस ओळखू येत नाही थोडाच!

"अहो, माझं मनगटी घड्याळ! पेशंटची नाडी मी भिंतीकडे बघून मोजतेय तीन महिने!"

"परवा, बाई, परवा!"

चारशे मीटर उलटं! बाबांची मान मुरगळलेली, बबडी मागच्या काचेला नाक लावून "डावीकडे! अहो, दुसरी डावी!" करतेय. एका आजीनं वाळत घातलेली चादर मागच्या काचेवर येऊन बसली आणि पन्नास मीटर तर गाडी निव्वळ अंदाजानं गेली. दारात आले तेव्हा नऊ त्रेपन्न.

"अकराशे मीटर झाले!" बबडी रडकुंडीला आली. "विस्थापन अजून शून्य! बाबा, उतरू द्या ना!"

"आता वाटेत कोण उरलंय? बस म्हणतो ना!"

ती दार उघडेपर्यंत गाडी पुन्हा गल्लीत घुसलीसुद्धा! यावेळी पाच, सात, नऊ, दहा खांब! पाचशे मीटर! आणि समोर सुताराचा टेंपो. आरशात बघतात तर मागे डॉक्टरीणबाई. चौकातून वळसा घालून त्या दवाखान्याकडे परत निघाल्या होत्या.

"मागे घ्या!" सुतार म्हणाला.

"मागे जागा नाही! तुम्ही घ्या!"

"घेतो की. आधी माझं भिंतीवरचं घड्याळ द्या!"

"ते दुकानात आहे हो!"

"मग मी इथेच आहे," म्हणत सुतारानं इंजिन बंद केलं. मागून डॉक्टरीणबाईंचा हॉर्न, पुढून सुताराचा हट्ट. नऊ एकोणसाठ!

"बाबा, खिडकीतून उडी मारू?"

"युनिफॉर्म फाटेल!" घड्याळजींना घाम फुटला होता. आता कुठे त्यांच्या खरं ध्यानात आलं. आपल्या पायी पोरीचं वर्ष जातंय! "बबडे, चुकलं गं माझं!" ते चक्क कळवळून म्हणाले.

तेवढ्यात डिक्कीवर धपाधप थापा पडल्या. डिक्की उघडली आणि तिच्यातून बबडीच्या आईचं तोंड दिसलं. हातात हॉलतिकीट!

"टेबलावर विसरलात! मी नऊ त्रेपन्नला चालत निघाले आणि तुम्हाला गाठलंसुद्धा! चल गं, बाहेर ये!"

बबडी सीटवरून डिक्कीत, डिक्कीतून रस्त्यावर! बरोबर दहा वाजले होते.

"सोळाशे मीटर, पंचवीस मिनिटं!" भिंतीला चिकटून गाडीच्या बाजूनं सरकताना ती खिडकीतून ओरडली. "चाल सेकंदाला जवळजवळ एक मीटर! विस्थापन पाचशे, म्हणजे वेग त्याच्या साधारण एक तृतीयांश!"

"अगं, पळ आधी!"

मायलेकी टेंपोला खेटून पलीकडे गेल्या आणि जी धूम ठोकली! शंभर मीटर! फाटकवाला कडीला हात घालत होता. घड्याळजी खिडकीतून डोकं काढून टेंपोच्या कडेनं बघत होते. बबडी आत! पाठोपाठ फाटक धाडकन बंद! घड्याळजी आनंदानं टाळ्या पिटायला लागले आणि टाळी हॉर्नवर बसून सबंध गल्ली दणाणली.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. सुतार आणि डॉक्टरीणबाईंनी घड्याळजींना त्याच डिक्कीतून बाहेर काढलं आणि वरातीनं दुकानात नेऊन बसवलं. घड्याळं हातात पडल्याशिवाय गाड्या हलणार नाहीत!

साडेबाराला बबडी उड्या मारत दुकानात आली. बाबांच्या डोळ्याला भिंग, समोर घड्याळांचा ढीग, बाकावर पाच गिऱ्हाइकं.

"कसा गेला पेपर?" सगळ्यांनी एकदमच विचारलं.

"मस्त! शेवटचा प्रश्न पाच मार्कांचा! एक वस्तू सरळ रेषेत पुढे जाते, मागे येते, पुन्हा पुढे जाते. अंतर, विस्थापन, चाल, वेग काढा! वर्गात सगळ्यांच्या आधी मी सोडवला!"

"बघा!" घड्याळजींची छाती एकदम फुगली. "उगीच नाही फिरवलं मी तिला! प्रात्यक्षिक होतं ते!"

"फक्त एक घोळ झाला, बाबा. घाईत 'वस्तू' लिहायचंच राहिलं. सगळीकडे 'बाबा' लिहून आले. बाबा पुढे गेले, बाबा मागे आले, बाबांचं विस्थापन शून्य..."

बाकावरची पाचही गिऱ्हाइकं खो खो हसत सुटली. घड्याळजींनी भिंग काढलं.

"मार्क कापतील का गं?"

"काय माहीत! तपासणाऱ्या बाईंचं घड्याळ आपल्याकडेच आहे ना, मागच्या वर्षीपासून?"

घड्याळजींनी सुताराचं घड्याळ बाजूला सारलं आणि खालचा खण उपसायला घेतला.