नारकंड्याच्या पुढे चार किलोमीटर

सोमवारी सकाळी साडेआठ वाजता विश्वास सोमण यांनी ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज टाकला, की हिमाचलात तुफान बर्फ पडतंय, रस्ता बंद आहे, मी कुटुंबासह अडकलोय, दोन दिवस तरी लागतील. मेसेज गेल्याची खात्री करून त्यांनी रजई गळ्यापर्यंत ओढली आणि बायकोकडे, वासंतीकडे, आणखी अर्धा कप चहा मागितला.

बर्फ पडत होतं ते खरं होतं. फक्त सोमण कुटुंब वादळाच्या आदल्या दिवशीच खाली उतरून दिल्लीत लक्ष्मीबाई नगरातल्या आपल्या सरकारी क्वार्टरमध्ये सुखरूप पोचलं होतं. प्रवासानं अंग आंबलं होतं, टीव्हीवर बर्फात रुतलेल्या गाड्या दिसत होत्या, आणि बावीस वर्षांच्या नोकरीत एकदाही खोटी रजा न घेतलेल्या माणसाला मोह झाला, इतकंच.

पंधरा मिनिटांत अलकनंदा नेगीचा फोन आला. ही त्यांच्याच सेक्शनमधली, गढवालची, कामाला चोख मुलगी. तिनं विचारलं, नेमके कुठे आहात? हॉटेल म्हणावं तर ती हॉटेलचं नाव विचारणार, म्हणून विश्वास म्हणाले, नारकंड्याच्या पुढे चार किलोमीटरवर, एका वळणावर, गाडीतच. गाडी पांढरी. खायला? अर्धा पुडा बिस्किटं आहेत. हे सांगताना आपण फार वाढवून सांगत नाही, असं त्यांना मनापासून वाटलं.

मग घरात संचारबंदी लागू झाली. समोरच्याच ब्लॉकमध्ये ऑफिसातला आशय राहत होता, म्हणून पडदे ओढले गेले आणि कुकर लावायला बंदी झाली. शाळा बुडाली म्हणून कृतिका आधी खूश होती; खाली खेळायलाही जायचं नाही म्हटल्यावर तिनं विचारलं, "बाबा, आपण आत्ता नक्की कुठे आहोत? फ्रेंड्सना काय बोलू?"

दुपारी बाराला अलकनंदाचा पुन्हा फोन आला. तिचा मोठा भाऊ त्याच भागात रस्ते मोकळे करणाऱ्या तुकडीत सुभेदार होता. मशीन पुढे जाईना, म्हणून तो पाच जणांना घेऊन पायीच निघाला होता. कमरेएवढ्या बर्फातून. "सर, आप गाड़ी से मत उतरना. हर दस मिनट में हॉर्न बजाइए, भैया आवाज़ के पीछे आ जाएँगे."

हीच खरं सांगायची वेळ होती. विश्वासनी तोंड उघडलं आणि त्यातून शब्द आले, "हॉर्न ख़राब है."

त्यांनी फोन बशीशेजारी ठेवला. वासंती दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"सहा माणसं तुम्हाला बर्फात शोधतायत," ती म्हणाली, "आणि तुम्ही इथे उपमा खाताय."

बशी बाजूला झाली. विश्वासनी अलकनंदाला फोन लावला, तो लागेना. तासभर ते घरातल्या घरात येरझारा घालत राहिले आणि फोन लावत राहिले. शेवटी लागला, तर त्यांनी काही बोलायच्या आत अलकनंदाच रडत-हसत सांगू लागली, की गाडी सापडली. चौथा किलोमीटर, वळण, पांढरी गाडी, सगळं बरोबर. पण आत एक म्हातारं जोडपं आहे, थंडीनं अर्धमेलं झालेलं. तुमची गाडी कुठे आहे सर? भैया अजून पुढे जातोय.

"उन्हें आगे मत जाने दो," विश्वास म्हणाले. "मैं घर पर हूँ. दिल्ली में. शनिवार से."

मग ती एवढंच म्हणाली, "भैया को वापस बुला लेती हूँ."

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात गेले. त्यांना वाटलं होतं लोक हसतील. लोक हसले नाहीत, आणि ते जास्त लागलं. वरिष्ठ अधिकारी विजयालक्ष्मी मॅडमनी सगळं लिहून मागितलं, त्यातली एक चूक लाल पेननं दुरुस्त केली आणि कागद फाइलला लावला. अलकनंदा कामापुरतं बोलत होती, पण मान वर करत नव्हती.

रविवारी सकाळी ती दारात उभी. सोबत गाडीत सापडलेले सचदेव पती-पत्नी, दिल्लीतच द्वारका भागात राहणारे, दोघंही पंचाहत्तरीच्या आसपासचे. सचदेवांच्या बोटांना पट्ट्या होत्या आणि हातात सफरचंदांची पेटी. त्यांनी विश्वासना मिठी मारली. विश्वासना जमीन दुभंगली तर बरं, असं झालं. आपण कसल्याही आभारांना पात्र नाही, हे ते अडखळत सांगू लागले, तर सचदेव म्हणाले, सगळं माहीत आहे, या मुलीनं सांगितलं. पण तुम्ही खोटं बोलला नसतात तर आम्हाला शोधायला कोणी निघालंच नसतं.

का निघालं नसतं, तेही कळलं. मुलानं थंडीत डोंगरावर जायला सक्त मनाई केली होती. दोघांनी त्याला चंदीगडला साडूकडे जातो म्हणून सांगितलं आणि लग्नाच्या वेळी पाहिलेलं बर्फ पुन्हा पाहायला निघाले होते. बर्फात फोन बंद पडला, तेव्हा ते कुठे आहेत हे जगात कोणालाच ठाऊक नव्हतं.

सचदेव पुढे झुकले. मुलाला आता या पट्ट्यांचा संशय आला होता. चंदीगडला आपली भेट झाली, बोटं तिथेच गरम पाण्यानं भाजली, एवढं त्याला सांगाल का? "आप को तो आता है," ते निरागसपणे म्हणाले आणि त्यांनी मुलाला फोन लावूनही दिला.

विश्वासच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी वासंतीकडे पाहिलं नाही, अलकनंदाकडे पाहायची तर हिंमतच नव्हती.

"नमस्ते," ते फोनवर म्हणाले. "आपके माता-पिता नारकंडा के आगे बर्फ में फँसे थे. छह लोग पैदल जाकर उन्हें निकाल लाए."

सचदेवांनी फोन परत घेतला. मुलगा काय बोलला ते साऱ्या खोलीला ऐकू गेलं. पाच मिनिटांनी ते चहा अर्धा टाकून उठले आणि निरोप न घेताच जिना उतरू लागले. त्यांच्या पत्नी मागे वळल्या, क्षणभर घुटमळल्या, आणि सफरचंदांची पेटी उचलून त्यांच्यामागे गेल्या.

विश्वास खाली मान घालून बसून राहिले. समोरच्या खुर्चीत अलकनंदा अजून होती. तिनं आपला रिकामा कप पुढे सरकवला.

"सर," ती म्हणाली, "चाय और है क्या?"