डोकं कुणाकडून आलं

“आमच्या घराण्यात डोकी होती, डोकेदुखी नव्हती,” आजी शेंगा सोलता सोलता पुटपुटली. हळूच, पण सुनेला नेमकं ऐकू जाईल इतपत.

“माझ्या माहेरी तर कुणी साधं शिंकत नाही,” सुनेने पातेलं आपटलं.

डॉक्टरीणबाईंनी नातीची डोकेदुखी ऐकून एवढंच विचारलं होतं, “अर्धशिशी बरेचदा घरातूनच येते. आणखी कुणाला आहे?” आजी, आई, बाबा तिघंही पंख्याकडे बघत बसले. मग बाईंनी नातीला व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. “करून बघू. रोज एक, खंड नको. लघवी पिवळीधमक होईल, घाबरू नका.”

गोळ्या मानवल्या. पोरगी शाळेच्या नाटकात राणी झाली. बाटलीत उरलेल्या आठ गोळ्यांपैकी दोन पुडीत बांधून ती तालमीसाठी मैत्रिणीकडे राहायला गेली.

इकडे फ्लशला जोर नव्हता. सकाळी बाबांनी भांड्यात पाहिलं, तर पिवळंधमक! गोळ्या घेणारी पोरगी तर घरात नाही. “आईला कावीळ झालीय,” ते बायकोच्या कानात म्हणाले. बायकोला वाटलं, नवऱ्यालाच झालीय, सांगायला लाजतोय. आजीने दुपारी तेच पाहिलं आणि सुनेच्या काळजीने तिचा जीव खालीवर झाला. तिघंही एकमेकांचे डोळे न्याहाळू लागले. स्वयंपाक बिनतेलाचा, बिनमिठाचा झाला आणि तिघांनीही दुसऱ्यासाठी म्हणून तो मुकाट गिळला.

पोरगी परतली. बाटली उघडून बघते, तर रिकामी.

“माझ्या गोळ्या?”

“उंदीर असेल,” बाबा म्हणाले.

“झाकण दाबून फिरवणारा?” आईने विचारलं, पण तिचीही नजर जमिनीवरच होती.

“परवा नाटक आहे! डोकं दुखलं तर शाळेतल्या बाई राणीचं काम दुसरीला देतील.” पोरीने रिकामी बाटली आजीपुढे धरली.

आजीने शेंगा खाली ठेवल्या. “मी खाल्ल्या गं. माझं डोकं दुखतं, तुझ्याएवढी होते तेव्हापासून. तुला ते माझ्याकडूनच आलंय.”

“सगळं काय तुमच्याकडूनच येतं का हो?” सून उसळली. “माझंही दुखतं! पोर माझीही आहे.”

बाबांनी घाईघाईने चपला चढवल्या. “मी बाटली घेऊन येतो. आणि तुम्हा दोघींची नावं डॉक्टरांकडे लिहून येतो.”

“दोघींचीच?” आजीने विचारलं.

बाबा दारातच थबकले. कपाळ चोळत म्हणाले, “तिघांची.”