एका भिंतीचे दोन डॉक्टर

मंगळवार, १२ नोव्हेंबर. शिकागो. रात्री पाऊस, पहाटे बर्फ, सकाळी दोन्हींचा मिळून चिखल. वारा असा, की खिडकीच्या फटीत टॉवेल कोंबावा लागला.

हालिनाबाईंच्या घराच्या तळघरात दोन डॉक्टर भाड्याने राहत. नायजेरियातल्या एनुगूचा ओबियोरा न्वाक्पा आणि समरकंदचा शेरझोद युल्दोशेव. (डॉक्टर आपापल्या देशात. अमेरिकेत रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातली शिकाऊ डॉक्टरची जागा, मिळेपर्यंत ओबियोरा वृद्धाश्रमात खुर्च्या ढकलत होता आणि शेरझोद औषधांच्या दुकानात खोकी फोडत होता.) ओबियोराचा हा तिसरा प्रयत्न. शंभरावर हॉस्पिटलांना अर्ज केले, मुलाखतीला बोलावणे आले ते एकाचे, मिनेसोटाच्या पार उत्तरेकडून. बायकोने एनुगूहून फोनवर बजावले होते, "यंदा नाही जमलं तर गुपचूप घरी या. आता मुलगा शेजाऱ्यालाच बाबा म्हणायला लागेल."

या मंगळवारची ही मुलाखत व्हिडिओवर होती. तळघराला चार भिंती. एकीवर बॉयलर, दुसरीकडे कपडे धुण्याचे मशीन, तिसरीवर वाळत घातलेल्या चड्ड्या. राहिली एक. ओबियोरा स्वभावाने काटेकोर. त्याने ती भिंत स्वतः रंगवली, कडेला कुंडी ठेवली, आणि तरी ती ओकीबोकी दिसते म्हणून गल्लीतल्या जुन्या सामानाच्या विक्रीतून एक मोठे चित्र आणून टांगले. तळे, होडी, पांढऱ्या खोडांची झाडे, मागे बर्फाचा डोंगर. इथवर सगळे शहाणपणाचे होते.

मग त्याच हॉस्पिटलाने शेरझोदलाही बोलावले. त्याच दिवशी. शेरझोद नऊला, ओबियोरा अकराला.

"दादा, भिंत एकच आहे," शेरझोद म्हणाला.

"मग काय झालं? तुझ्या वेळी कुंडी डावीकडे, माझ्या वेळी उजवीकडे. दिवाही बदलू. कोणाच्या बापाला कळणार नाही."

"आणि कोट? माझ्याकडे नाहीये."

"माझा घाल. टाय वेगळा लाव."

ओबियोराचा देह दुप्पट. तेव्हा शेरझोदच्या पाठीवर कोट कपड्यांच्या चिमट्यांनी आवळला गेला. समोरून राजबिंडा, मागून दोरीवरचे धुणे. दहा वाजता तो बाहेर आला, "झकास झाली, दादा!" एवढेच ओरडला, कोट फेकला आणि बस पकडायला पळाला. चित्राचा विषय निघाला होता, हे सांगायचे त्याच्याकडून राहिले.

अकराला पडद्यावर डॉ. मार्गिट लिंडक्विस्ट आल्या. पिकलेले केस, नाकावर घसरलेला चष्मा. त्यांनी ओबियोराकडे पाहिले, भिंतीकडे पाहिले, पुन्हा ओबियोराकडे पाहिले.

"सुंदर चित्र आहे. कोणी काढलं?"

'विकत आणलं' म्हणून तो सुटला असता. पण मुलाखतीत जिव्हाळा दिसावा, असे त्याने कुठेतरी वाचले होते.

"माझ्या आईने."

"अस्सं! कुठलं तळं हे?"

"आमच्या गावचं."

"नायजेरियातल्या?"

"हो."

"मागे बर्फ आहे."

ओबियोराने अख्खे मागे वळून पाहिले. बर्फ होता. भरपूर होता.

"आईची कल्पनाशक्ती फार मोठी आहे," तो म्हणाला.

"असणारच," बाई शांतपणे म्हणाल्या. "कारण सकाळी हेच चित्र डॉ. युल्दोशेव यांच्या बहिणीने काढलेलं होतं. आणि कोटही हाच होता. मला एकच सांगा, तुम्ही किती जण आहात?"

ओबियोराने उगाच कुंडी सरकवली. मुलाखतीत कोणी खोकूसुद्धा नये म्हणून हालिनाबाई जिन्यात पहारा देत बसल्या होत्या. त्यांना हे ऐकवेना. त्या दाणदाण पायऱ्या उतरून आल्या आणि कॅमेऱ्यात डोके घालून म्हणाल्या, "चित्र मी काढलंय!"

"तुम्ही कोण?"

"घरमालकीण. ही दोन्ही पोरं मला पोटच्या पोरांसारखी. यांची आई मी, बहीण मी. काढलं मीच!"

"काकू, नको," ओबियोरा पुटपुटला.

"तू गप बस. तीन वर्षं माझ्या हातचा भात खातोयस, आता मध्ये बोलू नकोस."

"वा!" डॉ. लिंडक्विस्ट पुढे सरकल्या. "मीही रंगवते थोडंफार. जरा जवळ आणता? ब्रश कसा चालवलाय ते बघते."

हालिनाबाईंनी चित्राला हात घातला. चित्र आले, त्यामागोमाग खिळा आला, आणि चौकट टेबलाच्या कोपऱ्यावर आपटली. होडी दुभंगली. मग झाडे गळू लागली. ती खडखड करत कीबोर्डवर पडली, आणि प्रत्येक तुकड्याला कान होते, खाचा होत्या. ते मुळी चित्रच नव्हते. कोणीतरी तुकडे जुळवून पुठ्ठ्यावर चिकटवलेले जिगसॉ कोडे होते. तळघरात उजेड बेताचा, आणि भिंतीजवळ जाऊन पाहतो कोण?

"ब्रश फारच बारीक दिसतोय," डॉ. लिंडक्विस्ट म्हणाल्या.

हालिनाबाई जशा आल्या तशा जिन्यावर गेल्या.

ओबियोराला आता गमावण्यासारखे काही दिसेना. त्याने लॅपटॉप उचलला आणि तळघरभर फिरवला. बॉयलर दाखवला, मशीन दाखवले, तांदळाची पोती दाखवली. चड्ड्याही दाखवल्या.

"डॉक्टर, राहतो ते हे. ती भिंत तेवढी तुमच्यासाठी होती. आई शाळेत शिकवते. तिने फळ्यावर गाय काढली तर मुलं टेबल म्हणतात. कोट मात्र माझा आहे. एनुगूच्या शिंप्याने शिवलाय."

"पाठीला चिमटा राहिलाय."

"तो शेरझोदचा."

बाईंनी चष्मा काढून पुसला.

"बरं. आता कामाचा प्रश्न. रोगी तुमच्याशी धडधडीत खोटं बोलतोय. गोळ्या घेतो म्हणतो, घेत नाही. काय कराल?"

"आधी त्याला बसवीन, पाणी देईन."

"कशासाठी?"

"खोटं बोलणारा माणूस घाबरलेला असतो, डॉक्टर. घसा कोरडा पडतो. पुस्तकात हे मला सापडलं नव्हतं."

"मग आधी तुम्ही प्या," बाई म्हणाल्या. तो पेलाभर पाणी प्यायला. पुढचे प्रश्न हृदयाचे आणि मूत्रपिंडाचे होते. ते त्याला चांगले येत होते.

संध्याकाळी शेरझोद परतला.

"तू चित्र बहिणीने काढलं म्हणालास?"

"त्यांनी एकदम विचारलं, दादा. तोंडातून गेलं."

"तुला बहीण आहे तरी का?"

"नाही. चार भाऊ आहेत."

"मग भाऊ म्हणायचं होतंस!"

"त्यांच्यातल्या एकाला तरी चित्र काढता येईल असं वाटतं का तुला?"

हालिनाबाईंनी दोघांनाही जेवायला वाढले, पण दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत.

मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी निकाल लागला. ओबियोराला त्याच हॉस्पिटलात, मेडिसिन विभागात जागा मिळाली. शेरझोदलाही तिथेच. सतरा जूनला दोघे रुजू झाले आणि ओळखपत्रे हातात आली. ओबियोराच्या फोटोखाली 'डॉ. युल्दोशेव' असे छापले होते. शेरझोदच्या फोटोखालीही 'डॉ. युल्दोशेव' असेच छापले होते.